अप्पांची मुकी तालीम

पोहे झाले, चहा झाला, आणि अप्पा हॉलमधल्या दिवाणावर आडवे झाले. चष्मा काढून टीपॉयवर ठेवला, दोन्ही हात पोटावर घेतले आणि म्हणाले, "आता जेवणाची वेळ होईपर्यंत मला बोलता येत नाही. हातवारे करता येत नाहीत. ऐकू येतं, दिसतं. बाकी तुम्ही चालवा मला."

"म्हणजे काय अप्पा?" मंदारनं विचारलं.

"म्हणजे तालीम."

"अहो, रविवारी सकाळी काय हे अभद्र!" आई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "उठा आधी तिथून. चादर धुवायला काढायचीय."

अप्पा छताकडे बघत राहिले. तालीम सुरू झाली होती.

अप्पा म्हणजे माझे सासरे, दत्ताराम वाळवेकर. नोकरी जिल्हा परिषदेत केली, पण सांगलीत त्यांना लोक ओळखायचे ते प्रॉम्प्टर म्हणून. हौशी मंडळींच्या नाटकांना अप्पा विंगेत स्टुलावर बसायचे, मांडीवर संहिता, हातात लहानशी बॅटरी. तोंडाला कधी रंग लावला नाही, पण गावातल्या निम्म्या नटांची अब्रू त्यांच्या हातात होती. त्यांचा एक आवडता किस्सा होता. मिरजेच्या प्रयोगाला अप्पा तापानं आडवे झाले आणि त्यांच्या जागी एक मास्तर बसले. तिसऱ्या अंकात नायक भरून येऊन थांबला. मास्तरांना वाटलं, विसरला. त्यांनी वाक्य दिलं. तेही नाटकातलं नाही. मूळ वाक्य त्यांना कोरडं वाटायचं, म्हणून स्वतःच्या पदरचं! नटानं बिचाऱ्यानं ते म्हटलं, समोरच्या नटीला पुढचं काही सापडेना, आणि पडदा पाडावा लागला. हा किस्सा घरात इतक्यांदा झाला होता, की अप्पा "मिरजेला एकदा" म्हणाले की आई उठून कुकर लावायच्या.

तालमीचं कारण आदल्या दिवशी घडलं होतं. वकील तांबोळी मॅडम घरी आल्या होत्या. मृत्युपत्राचं काम चहा निवायच्या आत आटपलं. फ्लॅट आईंना, त्यांच्या मागे दोघा भावंडांना. कुणाचं काही म्हणणंच नव्हतं. मग मॅडम म्हणाल्या, "हे झालं तुम्ही गेल्यानंतरचं. आता तुम्ही आहात, पण बोलता येत नाहीये, तेव्हाचं बघू."

अप्पांनी पेपरात त्याविषयी वाचलेलं होतं. शेवटच्या आजारात कुठले उपचार हवेत, कुठले नकोत, ते माणूस शुद्धीत असतानाच लिहून ठेवू शकतो. त्यांनी आपलं म्हणणं खडाखडा सांगितलं, मॅडमनी उतरवून घेतलं. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि तुमच्या वतीनं डॉक्टरांशी कोण बोलणार? एक नाव लागेल."

"मी," माझा नवरा मंदार म्हणाला.

"मी," शर्वरीताई म्हणाल्या. या माझ्या नणंद. खास यासाठी पुण्याहून आलेल्या.

"ताई, मी इथं राहतो."

"राहतोस ना? मग सांग, अप्पांची बीपीची गोळी सकाळची की रात्रीची?"

"निळी."

"मी रंग नाही विचारला."

तिथून जे सुरू झालं ते मंदारच्या मुंजीपर्यंत मागे गेलं. आईंनी आधीच हात वर केले होते. "मला त्यात घालू नका. मी रडत बसेन आणि कुणी कागद पुढे केला की सही करीन." तांबोळी मॅडमनी पिशवी उचलली. "दोन नावं घालता येतात. पण तुम्ही दोघं दवाखान्यात असंच करणार असाल, तर डॉक्टर पेशंट बघतील की तुम्हाला? उद्या दुपारी मी याच बाजूला आहे. ठरवून ठेवा. सोमवारी नोटरीसमोर सह्या करू."

म्हणून ही तालीम.

यात मी कुठेच नव्हते. माझी जुई तेव्हा वर्षाची व्हायची होती, आणि मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली आई होते, म्हणजे जिला दाराच्या कडीवरही जंतू दिसतात अशी. जुई शिंकली की मी घड्याळ बघायचे, दवाखाना उघडला असेल का म्हणून. बालरोगतज्ज्ञांचा कंपाउंडर मला बघून आत आवाज द्यायचा, "डॉक्टर, प्रश्नपत्रिका आली." घरात यावर भरपूर हसून झालं होतं. तेव्हा त्या सकाळी मी खालीच सतरंजीवर बसून जुईला वरणभात भरवत होते आणि प्रेक्षकाचं काम करत होते.

पहिला प्रवेश शर्वरीताईंचा. त्यांनी अप्पांच्या अंगावर रग घातला. मे महिना होता.

"वाऱ्यानं बाधतं," त्या म्हणाल्या. मग मोबाइलवर भजनं लावून उशीपाशी ठेवली. "आजारी माणसाला प्रसन्न वाटतं."

अप्पांच्या कपाळाला घाम आला. मंदारला तो दिसला, पण त्यावरचा त्याचा उपाय वेगळा होता. त्यानं रग तसाच ठेवून एसी अठरावर नेला, बीपीचं यंत्र आणलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि आकडे फोनमध्ये टिपून घ्यायला लागला.

"बीपी वाढलंय," तो गंभीरपणे म्हणाला.

"भजनं बंद केलीत तर उतरेल," आई म्हणाल्या. पण त्याही बाहेर येताना शिऱ्याची वाटी घेऊनच आल्या होत्या. "रिकाम्या पोटी नका ठेवू त्यांना."

"आत्ता तर पोहे खाल्ले," मी म्हणाले.

"तालमीत खाल्ले का? तालमीत त्यांनी काही खाल्लेलं नाही."

शर्वरीताईंनी वाटी घेतली. चमचा ओठांशी नेला. अप्पांनी तोंड मिटलं.

"घ्या अप्पा. साजूक तुपातला आहे."

अप्पांचे ओठ आणखी घट्ट झाले, आणि मान इतकीशी, तांदळाच्या दाण्याएवढी, भिंतीकडे वळली. माझ्या हातातला चमचा जागच्या जागी थांबला. कारण नेमकं तेच जुई करत होती. ओठ मिटलेले, मान बाजूला. मूल बोलत नाही म्हणजे काही सांगत नाही, असं ज्यांनी मूल सांभाळलेलं नाही त्यांनाच वाटतं.

"ताई, ते नको म्हणताहेत."

"कुठं काय म्हणाले?"

"तोंड मिटलंय त्यांनी."

"आजारी माणूस तोंड मिटतोच गं. म्हणून का उपाशी ठेवायचं? भरवावं लागतं." आणि ताईंनी चमचा आत सरकवला. थोडा शिरा आत गेला, थोडा मिशीवर राहिला. अप्पा खरे कलावंत. हूं की चूं केलं नाही.

मला आणखी एक गोष्ट दिसत होती. रगाबाहेर अप्पांचे पाय होते, आणि पायाचे अंगठे एकमेकांवर दाबून धरलेले. मघापासून. जुईचे डायपर बदलून बदलून मला या खाणाखुणा बऱ्याच कळायला लागल्या होत्या. पण हे कसं बोलायचं? सुनेनं, भर हॉलमध्ये, सासऱ्यांविषयी? मी मंदारकडे बघून भुवया उडवल्या. तो म्हणाला, "काय? तुझ्या डोळ्यात काही गेलंय का?"

मी जुईसाठी पुढचा घास कालवला.

थोड्या वेळानं भावंडांचं पुन्हा जुंपलं, रग की एसी यावरून. मग मंदारनंच हात वर केले. "हे बघ ताई, रग सोड, शिरा सोड. मुख्य प्रश्न घे. समज, अप्पा आयसीयूत आहेत. डॉक्टर म्हणतात, आता सुधारणा होणार नाही. पण व्हेंटिलेटर लावला तर काही दिवस काढता येतील. तू काय सांगशील?"

"लावा म्हणून सांगेन. हा काय प्रश्न झाला?"

"मग! मीपण तेच सांगेन."

"बघ. उगाच भांडत होतो आपण."

"तेच तर म्हणतोय मी कालपासून."

दोघं पहिल्यांदाच एकमेकांकडे बघून हसली. आईंनीही पदरानं डोळे पुसले, पोरं एक झाली म्हणून. दिवाणावर अप्पा छताकडे बघत होते. घसा हलला. एकदाच. आवंढा गिळल्यासारखा.

"पण अप्पांनी काल वेगळं सांगितलंय," मी म्हणाले.

तिघंही माझ्याकडे वळली.

"तू कुठं होतीस काल? जुईला झोपवत होतीस ना आत?" ताई म्हणाल्या.

"दार उघडं होतं."

"बरं, मग काय म्हणाले?"

मला ते तोंडपाठ झालं होतं. मी मुद्दाम केलं नव्हतं. माझ्या डोक्यात अशा गोष्टी चिकटूनच बसतात, औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांसारख्या. मी म्हटलं, "ते म्हणाले, 'बरं होण्यासारखं असेल तर काय वाट्टेल ते करा. कापा, टाके घाला, मी कुरकुरणार नाही. पण होण्यासारखं नसेल तर नळ्या घालून मला ताटकळत ठेवू नका. घरी आणा. दुखू देऊ नका. खिडकी उघडी ठेवा.'"

मोबाइलवर एक भजन संपून दुसरं सुरू झालं.

"ते बोलायला सोपं असतं गं, धडधाकट असताना," ताई म्हणाल्या. आवाज बदलला होता. "वेळ आली की तेच म्हणतील, वाचवा."

"तेव्हा म्हणाले तर तेव्हा ऐकायचंच ना, ताई. पण तेव्हा बोलताच येत नसेल तर शेवटचं सांगितलेलं हेच आहे."

"तू फार शांतपणे बोलतेस. तुझे वडील असते तर? खरं सांग, तुला काय वाटतं?"

"मला?" मी जुईच्या हनुवटीवरचा भात पुसला. पुसून झाला तरी पुसतच राहिले. "मला वाटतं सगळं करावं. गावात असतील नसतील तेवढ्या मशिनी लावाव्यात. मी शिंकेला दवाखाना गाठणारी, ताई. मला विचाराल तर मी अप्पांना कधीच सोडणार नाही. पण ते माझं झालं. अप्पांचं म्हणणं हे आहे."

जुईनं माझ्या हातातला चमचा ओढला आणि टीपॉयखाली फेकला.

"चष्मा द्या," अप्पा म्हणाले.

"जेवायला अजून वेळ आहे," आई म्हणाल्या.

"तालीम झाली. ते भजन बंद करा, हा रग काढा, आणि आधी बाजूला व्हा. मला केव्हाची लघवीला लागलीय."

ते लगबगीनं गेले. परत आले ते मिशी धुऊन. माझ्यासमोर उभे राहिले. "तुला कळलं होतं."

मी मान खाली घातली. "हो अप्पा."

"मग बोलली का नाहीस?"

"कसं बोलायचं? सुनेनं?"

"तेवढं शिकून घे," अप्पा म्हणाले. "पुढे लागेल."

पुढे का लागेल, ते मला दुपारी कळलं. तांबोळी मॅडम आल्या, पेन काढलं, आणि अप्पा म्हणाले, "लिहा. वृषाली मंदार वाळवेकर."

मंदार आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की बाकी कुणी हसत नाहीये. "अप्पा, ही? ही जुईच्या गालावर डास बसला तर रक्त तपासायला नेते."

"नको अप्पा," मी म्हणाले. "मी घाबरट आहे. मला नाही जमणार."

"घाबरटच प्रॉम्प्टर चांगला. बिनधास्त माणूस पानावरची नजर काढतो."

"म्हणजे आमची माया कमी पडली," शर्वरीताई खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या.

"जास्त आहे, शर्वरी. म्हणूनच. नटाच्या बायकोला कधी प्रॉम्प्टिंगला बसवत नाहीत. ती संहिता सोडून नवऱ्याकडेच बघत बसते." अप्पा ताईंजवळ गेले. "मिरजेला एकदा..."

आई सवयीनं उठल्या. मग पुन्हा बसल्या.

"त्या मास्तरचं काही वाईट मनात नव्हतं," अप्पा म्हणाले. "त्याला नाटक आवडायचं. म्हणून त्यानं आपल्याला आवडलं ते वाक्य दिलं. सकाळी तुम्ही दोघांनी मला तुमची वाक्यं दिलीत. गोड होती. पण माझी नव्हती. हिनं हिचं वाक्य वेगळं ठेवलं आणि माझं मला दिलं. आणि हिला स्वतःचं मला न दिल्याचं किती जड गेलं, तेही मी बघितलं. मान वळवायची नव्हती, तरी बघितलं."

तांबोळी मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुमची तयारी असायला हवी, वृषाली. जबरदस्ती नाही."

मग मी काय केलं? जे मी करते तेच. प्रश्न विचारले. अप्पांचं मत बदललं तर? बदला, मॅडम म्हणाल्या, केव्हाही. डॉक्टरांनी कागद बघितलाच नाही तर? दवाखान्यात पाऊल टाकताक्षणी दाखवायचा, आणि घरच्या डॉक्टरांकडे आधीच एक प्रत देऊन ठेवायची. मी एकटी ठरवणार का? नाही, डॉक्टर आधी त्यांच्या परीनं खात्री करतात, तुम्ही फक्त यांचं म्हणणं पोहोचवायचं. दुखणं कमी करणारी औषधं थांबणार का? मुळीच नाही. जुई मांडीवर झोपून गेली, मॅडमचा दुसरा चहा झाला. शेवटी त्या अप्पांना म्हणाल्या, "तुम्ही माणूस बरोबर निवडलंय. मलाच दमवलं."

"माझी एक अट आहे," मी अप्पांना म्हणाले. "दर दिवाळीला तुम्ही हे सगळं पुन्हा म्हणायचं. सगळ्यांसमोर. बदललं असेल तर बदललेलं."

"दर वर्षी तालीम? ताठ्यात आहे बाई," अप्पा आईंना म्हणाले, पण खूश झाले होते. सोमवारी शेजारचे दोघं साक्षीला आले, नोटरीसमोर सह्या झाल्या. शर्वरीताई त्याच दिवशी पुण्याला गेल्या. जाताना माझ्याशी बोलल्या, पण मोजकंच.

त्यानंतर आमच्याकडे पाडव्याच्या दिवशी फराळ झाला की अप्पा चकलीचे कण झटकून उभे राहायचे आणि वाक्य म्हणायचे. पहिल्या वर्षी आई आत निघून गेल्या. दुसऱ्या वर्षी थांबल्या. एका दिवाळीत अप्पांनी भर घातली, "आणि भजनं नकोत." ताईंनी त्यांच्या पाठीत लाडू मारला. पुढच्या एका वर्षी म्हणाले, "खिडकी रस्त्याकडची. मागच्या खिडकीतून नुसती पाण्याची टाकी दिसते." जुई बोलायला लागली, मग शाळेत जायला लागली, आणि "दुखू देऊ नका"च्या वेळी तीही अप्पांबरोबर म्हणू लागली, कवितेसारखं.

अप्पांना मेंदूतल्या रक्तस्रावानं गाठलं तेव्हा दुपार होती. मी कागद घेऊनच दवाखान्यात शिरले. ते अजून अधूनमधून डोळे उघडत होते तेव्हा मी त्यांच्या पायांकडे बघितलं आणि सिस्टरना, चारचौघांत, खणखणीत आवाजात सांगितलं, "त्यांना लघवीला लागलीय." तेवढं मी शिकून घेतलं होतं. अप्पांच्या ओठाचा एक कोपरा हलला. तोंडाची तेवढीच बाजू लुळी पडलेली नव्हती.

नंतर ते डोळे उघडेनासे झाले. डॉक्टरांनी सगळं केलं, बरं होण्यासारखं होतं तोवरचं. मग त्यांच्या तपासण्या, त्यांच्या समितीची मतं, असं काय काय झालं, आणि एका सकाळी त्यांनी आम्हा चौघांना बाजूच्या खोलीत बोलावलं. सुधारणा होणार नाही, म्हणाले. मी प्रश्न विचारले. त्यांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून सगळ्यांची उत्तरं दिली. माझे प्रश्न संपले.

"मग," ते म्हणाले, "त्यांचं काय म्हणणं होतं?"

मी तोंड उघडलं.

काहीच आलं नाही. इतक्या दिवाळ्या ऐकलेलं, माझ्या डोक्यात चिकटून बसलेलं वाक्य. एक शब्द नाही. कागद समोर होता, तर अक्षरंही दिसेनात. मंदार जमिनीकडे बघत होता. आईंनी माझा दंड धरला होता. आत फक्त माझं स्वतःचं वाक्य होतं, लावा हो, काय वाट्टेल त्या मशिनी लावा, आणि ते घशापर्यंत आलं होतं.

तेव्हा माझ्या पाठीमागून, अगदी हळू, समोरच्या माणसाला ऐकूही जाऊ नये अशा आवाजात कुणीतरी म्हणालं,

"पण होण्यासारखं नसेल तर..."

शर्वरीताई. तेवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. पुढचं त्यांना येत होतं, तरी दिलं नाही.

"पण होण्यासारखं नसेल तर," मी म्हणाले, आणि मग पुढचं सगळं आलं. नळ्यांचं, घरी आणायचं, दुखू न देण्याचं. भजनांचं म्हटलं तेव्हा डॉक्टर किंचित गोंधळले.

घरी दिवाण ओढून रस्त्याच्या बाजूला घेतला. खिडकी ताईंनी उघडली.